कुमुदआत्या भातात आहे

असं समजा, की तुमची आत्या तांदळाचा दाणा झाली आहे.

एकदम जमणार नाही. म्हणून आधी नुसता दाणा डोळ्यांसमोर आणा. घनसाळ तांदळाचा, आखूड, जरासा दुधाळ, एका टोकाला बारीकसा खळगा असलेला. आणलात? आता तुमची आत्या आठवा. तिचा आवाज, तिची चालण्याची तऱ्हा, ती रागावली की पहिल्यांदा काय म्हणते ते. आता दोघांना एकाच जागी ठेवा. कुणी कुणाला ढकलायचं नाही. एवढं जमलं की पुढचं सगळं सोपं आहे. केतकीलाही एवढंच जमवावं लागलं होतं, आणि ती तुमच्यापेक्षा फार मोठी नव्हती. चौथीत होती.

केतकीचं घर आजऱ्याच्या जवळच्या एका गावात आहे. त्या दिवशी त्यांच्याकडे नव्या तांदळाचं जेवण होतं. भात कापून, झोडपून, गिरणीतून तांदूळ होऊन घरी आला, की त्याचा पहिला भात गल्लीतल्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचा, अशी त्या गल्लीची रीत. दरवर्षी एक घर पाळीने जेवण घालायचं. या वर्षी पाळी केतकीच्या घराची होती.

सकाळी कुमुदआत्या परसात पाटावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिला कमी दिसायचं, म्हणून ती वाकून बसायची. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त वाकली. वाकता वाकता तिचं नाक सुपाला टेकलं, मग कपाळ टेकलं, मग ती खांद्यांपासून लहान होत होत सुपात उतरली. पायऱ्यांच्या विहिरीत उतरावं तशी, घाई न करता, तोल सांभाळत. शेवटी पदराचं टोक सुपाच्या काठावरून आत गेलं. पाटावर तिचा चष्मा राहिला.

केतकी समोर बसून शेंगा सोलत होती. तिने सगळं पाहिलं आणि आत्याला हाक मारली.

"ओरडू नकोस," आत्या सुपातून म्हणाली. "अजून खडे निघायचे आहेत."

आत्या ज्या दाण्यात गेली होती तो केतकीला नीट दिसत होता. सुपाच्या उजव्या कोपऱ्यात, एका तुसाला टेकून तो पडला होता. केतकीने त्याच्या शेजारी बोट ठेवलं, बोट न हलवता मान वळवली आणि आईला बोलावलं. आई आली. केतकीने जे झालं ते सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं, कुठला दाणा ते विचारलं, आणि नीट दिसावं म्हणून सूप उचललं.

आता मुलांनो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आईच्या हातांना एक सवय होती. सूप हातात आलं की ते पाखडायचं. तिने मुद्दाम काही केलं नाही. तिचे हात सूप धरतात तेव्हा ते पाखडतात, एवढंच. सूप खाली-वर झालं, तांदूळ हवेत उडाला, तूस बाहेर पडलं, आणि तांदूळ पुन्हा सुपात येऊन बसला. सगळे दाणे वेगळ्या जागी.

"अगं बाई," आई म्हणाली. मग तिने सूप हळूच खाली ठेवलं. पण आता हळूच ठेवून काही उपयोग नव्हता.

बाबांना बोलावण्यात आलं. कुमुदआत्या बाबांची मोठी बहीण, ते तिला आक्का म्हणत. त्यांनी दोरीवरचा धुतलेला पंचा काढून अंगणात अंथरला, त्यावर तांदूळ एकाच थरात पसरला आणि गुडघे टेकून, अदबीने, आक्का कुठं आहेस, असं विचारलं. सगळ्या पंचावरून एकदम ओ आली. डावीकडूनही आली आणि उजवीकडूनही आली. बाबा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कान लावत गेले. प्रत्येक ठिकाणी त्यांना ओ सारखीच ऐकू आली.

"शोधत बसू नका," आत्या म्हणाली. "मला शिजवा."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने आत्याच्या चष्म्याकडे पाहिलं.

आत्याने मग सगळं समजावून सांगितलं. तिला समजावून सांगायची आवडच होती. अशीच पंचावर राहिले, तर उद्या मला मुंग्या नेतील, नाहीतर चिमण्या टिपतील. डब्यात ठेवलं तर पोरकिडे होतील. तांदळाच्या दाण्याला मोठं व्हायचा एकच मार्ग माहीत आहे. तो शिजला की वाढतो. मीही वाढेन.

केतकीने मनाशी विचार केला. तिने भात शिजताना अनेकदा पाहिला होता.

"आत्या, शिजलेलं शीत तरी केवढं असतं?" तिने विचारलं. "माझ्या नखाएवढं पण नसतं."

"सुरुवात तरी होईल," आत्या म्हणाली.

आत्याने एक अट मात्र घातली. भात मोकळा व्हायला हवा. शिताला शीत चिकटता कामा नये. गिचका झाला तर मी कुठे संपते आणि शेजारचं शीत कुठे सुरू होतं हे मलाच कळणार नाही, मग तुम्ही मला काय वेगळं काढणार? मोकळा झाला तर परातीत पसरा आणि एकेका शिताशी बोला. जे आधी बोलेल आणि भलतंच काही बोलणार नाही, ती मी.

"आणि हे काम केतकीवर सोपवा," ती म्हणाली. "वैजू पाखडते. आणि तू, बाबू, तुला राहवत नाही."

आईचं नाव वैजयंती. तिने हात पदराखाली घेतले. बाबांनी, मला काय राहवत नाही, असं विचारलं. पण आत्या तोवर तांदूळ कसा धुवायचा ते केतकीला सांगू लागली होती.

तांदूळ धुताना केतकीने तो चोळला नाही. नवा तांदूळ कोवळा असतो, चोळला की मोडतो. तिने पातेल्यात पाणी घेतलं, हात पाण्यात नुसता फिरवला, आणि धुणवट ओतताना खाली गाळणी धरली. गाळणीत दोन-तीन दाणे आले. तिने प्रत्येकाला, आत्या तूच का, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सगळे परत पातेल्यात टाकले.

मग पाणी ठेवायची वेळ आली आणि सगळे थांबले.

त्या घरात भाताचं पाणी कधी भांड्याने मोजत नसत. तांदळावर बोट उभं टेकवायचं, आणि पाणी पहिल्या पेरापर्यंत आलं की पुरे. बोट कुमुदआत्याचं असायचं. आईचंही नाही, कारण आईचं पेर लांब होतं आणि तिच्या बोटाने केलेला भात एकदा फार मऊ झाला होता. त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत ते अजून कुणी विसरलं नव्हतं. आत्याचं बोट आता पातेल्यात होतं. तिथेही ते कुठे होतं हे कुणाला सांगता आलं नसतं.

"केतकीचं बोट घाला," पातेल्यातून आवाज आला. "तिचं पेर आखूड आहे. नव्या तांदळाला पाणी कमीच लागतं. अंगातच ओल असते त्याच्या. बरोबर बसेल."

केतकीने तांदळावर बोट टेकवलं. बोटाखाली तांदूळ गार लागला. पाणी ओतलं जात होतं, ते नखावर चढलं, नखाच्या वर आलं, पेराच्या रेघेला लागलं, आणि तिने, पुरे, असं म्हटलं. त्या रेघेपाशी तिला गुदगुल्या झाल्या. आत्यानेच केल्या असाव्यात, पण विचारायला वेळ नव्हता.

आता चूल. स्वयंपाकघरातला ओटा गवंड्याने आदल्या दिवशीच फोडला होता, नव्या फरशा बसवायच्या होत्या म्हणून. गॅसची शेगडी पलंगाखाली ठेवली होती, पलंगावर सगळ्या घराची भांडी होती, आणि भांड्यांवर गवंड्याची थापी. म्हणून स्वयंपाक परसात होता. मसाल्याचं वांगं, आमटी आणि कोशिंबीर शेजारच्या मालनकाकूंच्या घरी तयार होती. भात मात्र ज्याच्या घरचं जेवण त्याच्याच आवारात शिजायला हवा. तो बाबांच्या ग्रिलवर शिजणार होता.

ग्रिल म्हणजे लोखंडी पेटी, तिला पाय, पायांना चाकं, वर कमानीसारखं झाकण, झाकणाला धग दाखवणारा घड्याळासारखा काटा, आणि बाजूला गॅसचं सिलिंडर. आतल्या नळ्यांमधून निळ्या जाळाच्या रांगा पेटतात आणि त्यांच्यावर लोखंडी गजांची जाळी असते. बाबांनी ते पुण्याहून आणलं होतं. आजवर त्यावर मक्याची कणसं आणि एकदा वांगी भाजली होती. आई त्याला चाकं लावलेलं कपाट म्हणायची. मालनकाकूंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, यात माणूस झोपतं का, असं विचारलं होतं.

बाबांनी डावीकडच्या दोन रांगा पेटवल्या. केतकीने पातेलं जाळावर ठेवलं आणि आत्या सांगेल तसं केलं. आधी मोठा जाळ, उकळी येईपर्यंत. मग पातेलं उजवीकडे सरकवायचं, जिथे खाली जाळ नाही, नुसती धग आहे, आणि कपाटाचं झाकण लावायचं. म्हणजे भात चारी बाजूंनी सारखा शिजतो आणि बुडाला लागत नाही. आत्याने हे ग्रिल कधी वापरलं नव्हतं. पण ती आता आतून बघत होती, आणि आतून पाहिलं की समजतं, असं ती म्हणाली.

"चटका बसतोय का?" केतकीने विचारलं.

"नाही. ऊन लागतं तसं लागतंय."

पाण्याला खालून बुडबुडे आले. दाणे एकेक करून उठले, वर आले, फिरले आणि खाली गेले. केतकी त्यांच्याकडे बघत राहिली. ते सगळे कुमुदआत्यासारखे चालत होते. जराशा एका अंगावर झुकून, हात मागे बांधून.

तेवढ्यात आईने तिला केळीची पानं आणायला पाठवलं. पानं शिंत्रेमास्तरांच्या परड्यात होती. हे मास्तर निवृत्त चित्रकला शिक्षक, आणि त्यांना पान देताना ते कुठल्या कोनात कापायचं हे समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. केतकीला उशीर झाला. ती पानं डोक्यावर घेऊन परत आली, तेव्हा बाबा ग्रिलशेजारी उभे होते आणि त्यांच्या हातात रिकामा तांब्या होता.

केतकीने तांब्याकडे पाहिलं.

"कमी वाटत होतं गं," बाबा म्हणाले. "एरवी एवढ्या तांदळाला एवढं पाणी लागतं. आणि माणसं बरीच आहेत."

एरवीचा तांदूळ कणगीतला असायचा, जुना, पाणी पिणारा. हा नवा होता. बाबांना हे माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनीच ते सांगितलं असतं. पण पातेल्यात पाणी कमी दिसलं, घरात माणसं येणार होती, हाताशी तांब्या होता, आणि त्यांना राहवलं नाही.

केतकीने पातेल्यावरची ताटली उचलली. दाणे फुलले होते आणि पाणी त्यांच्यावर चढून पांढरं, दाट, तकतकीत झालं होतं. तिने वाफेत तोंड न घालता, बाजूने विचारलं, आत्या, कशी आहेस?

"आम्ही बऱ्या आहोत," पातेलं म्हणालं.

"आम्ही कोण?"

पातेलं थोडा वेळ रटरटलं.

"आम्ही इथल्या," ते म्हणालं. "तू कुणाची गं?"

केतकी घाबरली नाही असं मी म्हणणार नाही. पण भात चुलीवर असताना घाबरून बाजूला जाता येत नाही, हे तिला आत्यानेच शिकवलं होतं. तिने ताटली झाकली आणि विचार केला. पाणी जास्त आहे. ते आटेपर्यंत थांबलं तर तेवढ्यात शितं फुटतील, एकमेकांत मिसळतील आणि गिचका होईल. म्हणजे पाणी आटवायचं नाही. ते काढून टाकायचं. खाली कोकणात भात असाच करतात. उकळत्या भातातली पेज ओतून काढतात. आत्या चार वर्षं मालवणला राहिली होती, आणि हे तिने एकदा करून दाखवलं होतं.

केतकीने पातेल्याच्या तोंडाला पातळ फडकं बांधलं, त्यावर ताटली दाबली, दोन्ही हातांत जाड कपडे घेतले, आणि बाबांना जाळ बंद करायला सांगितलं. मग ती पातेलं ग्रिलच्या कडेवर कलतं धरून उभी राहिली. खाली आईने दुसरं पातेलं धरलं. पेज धारेने पडू लागली. केतकी फडक्याकडे बघत होती. एकही शीत बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं, आणि एकही गेलं नाही.

शीत गेलं नाही. पेज गेली, एवढंच.

तोवर गल्लीतले लोक येऊ लागले होते. दारात चपला काढायचा आवाज, पाय धुवायचा आवाज, एवढी मोठी शेगडी आणि भात एवढासा, असं मालनकाकूंचं बोलणं. जेवायला अवकाश होता. लोकांना नुसतं बसवून ठेवायचं नसतं, आणि नव्या तांदळाची पेज कुणी मोरीत ओतत नाही. आईने तिच्यात मीठ घातलं, तूप घातलं, जिरं चुरडून टाकलं, आणि वाट्या भरल्या. केतकीचे हात कलत्या पातेल्यात अडकले होते. ती पाठमोरी होती. तिला वाट्यांचा आवाज आला, पण तेव्हा तिला त्याचा अर्थ कळला नाही.

पहिली वाटी बाबांनी घेतली. ते प्यायले, त्यांनी ओठ पुसले आणि म्हणाले, "माझा चष्मा कुठं गेला?"

बाबांना चष्मा नव्हता.

केतकीने पातेलं सरळ केलं, परत ग्रिलवर ठेवलं, एकच रांग बारीक पेटवली, झाकण लावलं, आणि मग वळून पाहिलं. शिंत्रेमास्तर वाटी संपवत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली, केतकीकडे मायेने पाहिलं आणि, डोक्याला तेल लावलंस का गं, असं विचारलं. मास्तर चित्रांखेरीज कशाबद्दल कधी बोलत नसत. त्यांच्या शेजारच्या बाईंनी, कुणाशीही न बोलता, आपल्या नाकावर नसलेला चष्मा बोटाने वर सरकवला. मग पलीकडच्या एका आजोबांनी सरकवला. मग कोपऱ्यातल्या दोन मुलांनी.

केतकीने सांगितलं, की पेज पिऊ नका. आत्या पेजेतून जाते आहे.

"मला तर मिळालीच नाही अजून," मालनकाकू म्हणाल्या आणि त्यांनी आईच्या हातची वाटी घेतली. प्यायल्या. जिभेवर घोळवून पाहिली. "मीठ कमी. वैजूचा हात पहिल्यापासून आखडता."

"आखडताच आहे," आई म्हणाली. तिने भांड्याच्या तळाची पेज बोटाने पुसून चाटली होती.

आत्या हे वाक्य आईच्या पाठीमागे नेहमी म्हणायची. आईच्या तोंडून ते केतकीने पहिल्यांदा ऐकलं.

मुलांनो, अशा वेळी रडू येतं. केतकीलाही आलं असतं. पण तिच्यासमोर ग्रिलचं झाकण होतं, झाकणावरचा काटा होता, आणि काटा वर जाऊ लागला तर जाळ अजून बारीक करायचा होता. तिने तो केला. भातातलं राहिलेलं पाणी आता मुरत होतं. आधी रटरट ऐकू येत होती, मग चुरचुर, मग काहीच नाही. काहीच ऐकू येईना तेव्हा तिने गॅस बंद केला आणि झाकण उघडलं नाही. भाताला वाफेत निवांत बसू द्यायचं असतं. त्या वेळात तो स्वतःला सावरतो. ती झाकणावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मागे परसभर लोक बोलत होते, आणि सगळ्यांचं बोलणं एकाच बाईचं होतं. ओट्याला उतार उजवीकडे ठेवायला सांगितलं का? मालवणचे मासे मालवणातच. त्या वासराला कुणी पाणी दाखवलं का? एक जण वाक्य सुरू करायचा आणि कुणीही ते पुरं करायचं. त्यात भांडण नव्हतं, कुणाला घाईही नव्हती.

केतकीने मग झाकण उघडलं, फडकं सोडलं, आणि उलथन्याच्या कडेने, न ढवळता, भात परातीत काढला.

भात मोकळा झाला होता.

तसा भात त्या गल्लीत कुणी पाहिला नव्हता. एकेक शीत स्वतःपुरतं होतं. परात जरा कलती केली तर शितं मोत्यांसारखी नुसती घरंगळत होती, कुणी कुणाला धरत नव्हतं. वास सगळ्या परसात भरला. सगळे एकदम बोलायचे थांबले, एकदम उठले, आणि पानांच्या ओळीत जाऊन बसले. प्रत्येकाने आपल्या पानाभोवती पाणी फिरवलं, मांडी घातली, जरासं एका अंगावर झुकून.

केतकीने परातीवर वाकून विचारलं, "आत्या?"

"ओ," सगळी ओळ म्हणाली.

"तुम्ही नाही. आत्या."

"ही काय, इथेच आहे," बाबा म्हणाले. "इथेच आहे की," मालनकाकू म्हणाल्या. "बावळट, समोर तर आहे," शिंत्रेमास्तर म्हणाले, आणि त्यांच्यानंतर ओळीच्या टोकापर्यंत प्रत्येकाने ते आपापल्या आवाजात म्हटलं. त्या सगळ्या आवाजांत परातीतून काही आवाज आला असेल, तर तो केतकीला ऐकू आला नाही.

आई पळी घेऊन पुढे आली. तिने पळी केतकीच्या हातात दिली. दुसऱ्याच्या हातात पळी देताना आत्या आधी तिचं दांडकं पदराने पुसायची. आईनेही पुसलं.

"वाढायला घे, राणी," ती म्हणाली. "भात गार होतोय. माणसं पानावर ताटकळत ठेवू नयेत."

राणी असं फक्त आत्याच म्हणायची. केतकीला लहानपणापासून शिकवलं होतं की आत्याचं ऐकायचं. आत्या सांगते ते विचार करून सांगते. आता आत्या सांगत होती, ओळीतल्या प्रत्येक तोंडाने सांगत होती. नुसतं ऐकायचं म्हटलं तर पळी भरायची आणि पहिल्या पानावर मूद घालायची होती, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सगळे आनंदाने जेवले असते. कुणीही आत्या नाही असं म्हणालं नसतं. पाटावरचा चष्मासुद्धा कुणीतरी उचलून नाकावर ठेवला असता, आणि त्याला तो बरोबर बसला असता.

"भूक लागलीय गं," ओळ म्हणाली. पानांवर हात पुढे आले.

केतकीने पळी जमिनीवर ठेवली. तिने परात दोन्ही हातांनी उचलली. ती जड होती आणि तापलेली होती. केतकी ती घेऊन ओळीपासून लांब, परसाच्या कुंपणापाशी गेली, सगळ्यांकडे पाठ करून खाली बसली, आणि परात मांडीवर घेतली. मागे पावलं वाजली. पावलं बरीच होती, आणि ती सगळी एकाच चालीची होती.

तिने परातीच्या कडेचं पहिलं शीत चिमटीत धरलं, न दाबता, आणि कानाशी नेलं. मग मोकळा हात मागे करून, वळून न बघता, तिने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.